किल्लेदाराची बायको दारातच उभी

माझ्या सासूबाईंना रहस्यकथा वाचून दाखवायची तर खुनी कोण ते आधी सांगावं लागतं. नाही सांगितलं तर त्या ऐकतच नाहीत. "नाव सांगून टाक गो, म्हंजे मी त्याच्यावर नजर ठेवते," असं त्यांचं म्हणणं. जन्म शेळ्यांमागे गेलेला. कळपातली चोर शेळी कुठली ते ठाऊक असलं की दिवस सुखाचा जातो, हा त्यांचा हिशेब. पहिल्यांदा मी कपाळावर हात मारला होता. शेवट फोडल्यावर रहस्यकथेत उरतं काय? पण उरतं. खुनी साळसूदपणे चहा पितो, मयताच्या बायकोचं सांत्वन करतो, आणि सासूबाई पडवीतून त्याला शिव्या घालतात. ज्या पुस्तकात काहीच उरत नाही तेही त्यांना बरोबर कळतं. त्या झोपतात.

मी महाडची, बारावी शिकलेली. लग्न करून आले ती पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत. नवरा मुंबईला नोकरीला, वाडीत आम्ही बाया, म्हातारी माणसं आणि गुरं. मोबाईलला रेंज हवी तर टेकाडावर जाऊन उभं राहायचं. दुपारी गुरं सावलीला बसली की सासूबाई वालाच्या शेंगा सोलायला घेतात आणि मी पुस्तक उघडते. पुस्तकं पोलादपूरच्या एका लहानशा वाचनालयातली. बाजाराला उतरले की जुनी द्यायची, नवी आणायची.

प्रेमकथा, खून आणि इतिहास, या तीन कपाटांपलीकडे मी जात नाही. शिकलेले लोक त्यावर नाक मुरडतात. मुरडोत बापडे. प्रेमकथेत दोघांचं लग्न होणार हे पहिल्या पानावर कळतं, तरी मधे आपला जीव टांगणीला लागतो. हे करून दाखवायला हातोटी लागते. ज्यांना ते सोपं वाटतं त्यांनी एक लिहून आणावी, मी वाचून दाखवते, सासूबाई जाग्या राहतात का बघू.

त्या वाचनालयात दाराशी एक फळा होता, 'वाचकांचे अभिप्राय' असं वर रंगवलेला. त्यावर कागद टाचून आपलं मत मांडायचं. बहुतेक कागदांवर 'छान', 'फार सुंदर', 'जरूर वाचावे', एवढंच. एकदा तिथे एक नवी ऐतिहासिक कादंबरी आली. आमच्याच डोंगरातल्या एका किल्लेदारावर, आणि लिहिणारे गृहस्थही मूळचे तालुक्यातले, आता पुण्याला स्थायिक झालेले. वाचनालयातर्फे त्यांचा सत्कार ठरला होता. मी ती जाडजूड कादंबरी हौसेने घरी नेली. किल्लेदार शेवटी लढता लढता पडतो, हे मुखपृष्ठावरच छापलं होतं, म्हणजे सासूबाईंची अट आपोआप पुरी झाली.

आणि सासूबाई झोपल्या. लढाईच्या आदल्या रात्रीचं भाषण चाललं होतं, तिथेच त्यांची मान पडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

पुढच्या बाजाराला मी फळ्यावर कागद टाचला. लिहिलं, 'या किल्लेदाराला कधी भूक लागत नाही, भीती वाटत नाही, सर्दीसुद्धा होत नाही. त्याची बायको दुसऱ्या प्रकरणात निरांजन घेऊन दारात उभी राहते ती पुस्तक संपेपर्यंत तिथेच. आधी माणूस दाखवा, तो मोठा की लहान ते आम्ही ठरवू. आमच्या घरी ऐकणारं माणूस दोनदा झोपलं. यापेक्षा शेजारच्या कपाटातला खून बरा.' खाली माझं नाव.

कुणीतरी त्याचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. पुढच्या खेपेला वाचनालयाच्या अध्यक्षांनी मला टेबलापाशी बोलावलं. ते निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणतात.

"वहिनी, हा आपल्या मातीतल्या वीराचा अपमान आहे," सर म्हणाले.

"वीराचा नाही सर, पुस्तकाचा," मी म्हटलं. "वीर तर बिचारा त्यात अडकून पडलाय."

सरांना ते झोंबलं. "तुम्हाला प्रेमाच्या हलक्या पुस्तकांची सवय. हे साहित्य पचायला वेळ लागतो." मग त्यांनी आवाज खाली आणला. कागद काढायचा आणि दोन ओळी लिहून द्यायच्या, की मत घाईत लिहिलं, पुस्तक नीट वाचलं नव्हतं. सत्काराच्या आधी. नाहीतर वाचनालयाचं कार्ड जमा करायचं. "आणि हे घेऊन जा," म्हणत त्यांनी ती कादंबरी पुन्हा माझ्या पिशवीत घातली. "नीट वाचा, मग तुम्हालाच पटेल."

घाट चढताना मी एसटीत नुसती धुमसत होते. मत चुकलं म्हणाले असते तर वाद घातला असता आणि विसरले असते. पण वाचलं नव्हतं? शेंगांच्या ढिगाशेजारी बसून घसा कोरडा होईस्तोवर मी ते वाचलं होतं.

टेकाडावरून नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "लिहून दे ना, क्या फरक पडता है? कशाला टेन्शन घेतेस?" त्याला फरक पडत नव्हता, हे खरंच होतं.

सासूबाईंनाही पडला नाही. उलट त्या घाबरल्या. आमची एक प्रेमकथा अर्ध्यावर होती, फुलांची रोपं विकणारी मुलगी आणि जलसंधारणाचा इंजिनियर यांची. कार्ड गेलं तर तीही गेली. "लिव ना दोन वळी," त्या म्हणाल्या. "तुजा काय झिजतंय?"

मी भडकले. "झोपलात तुम्ही, आई, आणि माफी मी मागू?"

"मी दमलेली, म्हून झोपले. त्यात बुकाचा दोष नाय."

खरंच तसं असेल तर? दमलेल्या माणसाच्या झोपेवरून मी एका लेखकाला फाशी दिली असेल तर? मग सासूबाईच म्हणाल्या, "परत वाच. या खेपेला मी डोला मिटनार नाय. मग काय ता ठरव."

प्रेमकथा बाजूला ठेवून आम्ही पुन्हा किल्लेदाराला हात घातला. सासूबाई तोंड धुऊन, मशेरी लावून, खांबाला टेकून बसायच्या. त्यांना ती कादंबरी आवडून घ्यायची होती. कार्ड टिकावं म्हणून त्या अक्षरशः झटत होत्या. भाषणं चालली की मान हलवायच्या, तलवार निघाली की "हां" म्हणायच्या. मीही न्यायाने वाचलं. आवाज चढवला, जागा घेतल्या, जमेल तेवढा जीव ओतला. त्या एकदाही झोपल्या नाहीत.

शेवटच्या दुपारी किल्लेदार पडला. मी पुस्तक मिटणार तेवढ्यात त्यांनी विचारलं, "नि ती बायको? अजून दारातच हाय?"

"दारातच आहे."

"अगो, तिला बस तरी म्हना कुनीतरी," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतःही लग्न झाल्यापासून मुंबईला असलेल्या नवऱ्याची वाट बघण्यात जन्म घालवलेला. आपल्यासारखीला पुस्तकात घेतलं आणि साधं बसूही दिलं नाही, याचा त्यांना राग आला होता. पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "नको लिवूस माफी."

सत्काराच्या आधीच्या बाजाराला मी उतरले. फळ्यावरचा माझा कागद कुणीतरी आधीच काढला होता. त्या जागी मी दुसरा टाचला, 'ही कादंबरी पुन्हा वाचली. या वेळी ऐकणारं माणूस जागं होतं. मत तेच आहे.' मग किल्लेदार, अर्धी राहिलेली प्रेमकथा आणि कार्ड, तिन्ही सरांच्या टेबलावर ठेवली. मला वाटलं होतं, ते कार्ड परत सरकवतील. त्यांनी ते खणात टाकलं आणि खण लावून घेतला.

घरी आले तेव्हा सासूबाई पडवीत शेंगा घेऊन बसल्या होत्या. माझ्या पिशवीत नुसती भाजी आणि चहापूड होती.

"मग आता दुपारी काय गो?" त्यांनी विचारलं.

मी पिशवी खाली ठेवली आणि शेंगा सोलायला बसले. महाडला माहेरी गेले की मैत्रिणीकडून एखादं पुस्तक मागून आणते, पण ते काही दर बाजाराला होत नाही. गुरं सावलीला बसतात, आम्ही दोघी शेंगा सोलतो. मला फार वाईट वाटतं. त्या दुपारी मला परत हव्यात, आजच्या आज हव्यात. पण त्यांच्यासाठी कागदावर खोटं लिही म्हणाल, तर हात उठायचा नाही. मी ते पुस्तक वाचलं होतं. शब्दन् शब्द, मोठ्याने, दोनदा.