गौस मिस्त्रींची पाच निशाणं

उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत गौस मिस्त्री लाकडी पॅटर्न करत. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा म्हटला की तो आधी सागवानात घडवावा लागतो. तो वाळूत दाबून साचा काढायचा आणि साच्यात वितळलेल्या लोखंडाचा रस ओतायचा. म्हणजे मिस्त्रींच्या हातून सूतभर चूक झाली, तर तीच चूक शंभर नगांत लोखंड होऊन जन्माला येणार. बावीस वर्षांत अशी एकही आली नव्हती. उलट एकदा पुण्याहून आलेल्या ड्रॉइंगमधली चूक मिस्त्रींनीच काढली होती. एका भोकाचं माप भलत्याच बाजूला पडलं होतं. पुण्याच्या इंजिनिअरनं पत्र लिहून माफी मागितली. ते पत्र मालक गणपतरावांनी जपून ठेवलं आणि मिस्त्रींनी पाठ केलं. तेव्हापासून कुठलंही ड्रॉइंग समोर आलं की मिस्त्री आधी त्यातली चूक शोधत आणि मग कामाला लागत. चूक सापडली नाही की दिवसभर त्यांचं तोंड उतरलेलं असे.

१९७४ साली गणपतराव यंत्रांचं प्रदर्शन बघायला जर्मनीला जाऊन आले. येताना त्यांनी एक मोठा खोका आणला. वर शिडाच्या जहाजाचं झकास चित्र होतं. आत जहाज असेल अशी मालकांची समजूत. घरी येऊन उघडला, तर आत प्लॅस्टिकचे तीनशे तुकडे.

त्यांनी खोका तसाच फौंड्रीत आणून मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवला. "मिस्त्री, एवढं जोडून, रंगवून द्या. पुढच्या म्हैन्यात जर्मन साहेब येतोय, आपल्याला काम द्यायचं का न्हाय ते बघायला. ऑफिसात काचेत ठेवू. म्हणतो, तुमचं जहाज आमच्या मिस्त्रीनं जोडलंय. बघू दे की त्याला आपला हात."

साचे भरणारा केरबा शेजारीच उभा होता. मिस्त्रींची एक तरी चूक बघून मरायचं, असं तो उघड म्हणायचा. "जपा मिस्त्री," तो म्हणाला. "बावीस वर्सं लोखंडानं तुमास्नी सांभाळून घेटलंय. प्लॅस्टिकचा काय भरवसा न्हाय."

मिस्त्रींनी घरी सोप्यात खोका उघडला. वेलीला शेंगा लागाव्यात तसे तुकडे प्लॅस्टिकच्या काड्यांना लागलेले. मिस्त्रींना एकदम ओळख पटली. रस ज्या वाटेनं साच्यात शिरतो, त्या वाटेच्याच या काड्या. "हे बी ओतीवच हाय की," ते म्हणाले आणि त्यांनी ते ओतणाऱ्या जर्मन माणसाला आपल्यात घेतलं. पण आपल्यातला म्हटल्यावर त्याच्या कामावर कानस चालवणं आलंच. प्रत्येक तुकडा त्यांनी घासून पुन्हा बसता केला. खोक्यातली गोंदाची नळी वाळून दगड झाली होती. प्लॅस्टिकच्या पाट्या करणाऱ्याकडून त्यांनी क्लोरोफॉर्म आणला आणि एकेक थेंब सोडून सांधे चिकटवले. ट्रकवर नावं रंगवणाऱ्या पेंटरचा सगळ्यात बारीक ब्रश आणला. जहाजाचं अंग त्यांनी सागवानी रंगवलं, वर सागाच्या रेषाही ओढल्या. प्लॅस्टिक सागासारखं दिसायला लागलं, तेव्हा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

माहितीची पुस्तिका जर्मन भाषेत होती. ती वाचता येत नाही याचं मिस्त्रींना दुःख नव्हतं. चित्रं होती, आणि चित्रात चूक असू शकते.

ती शेवटच्या पानावर सापडली. डोलकाठ्यांवर कागदाची पाच निशाणं लावायची होती, आणि चित्रात पाचही जहाजाच्या तोंडाच्या दिशेनं फडफडत होती. मिस्त्री एकटेच हसले. दसऱ्याच्या मिरवणुकीत घोडेस्वार दौडतात, निशाणं मागं उडतात. मंत्र्याची गाडी जाते, तिचंही मागंच उडतं. एवढं जर्मनीत कुणाला दिसू नये? त्यांनी पाचही निशाणं मागच्या बाजूला वळवून चिकटवली. पत्र आता जर्मनीहून यायला हरकत नव्हती.

साहेब यायच्या दोन दिवस आधी, शनिवारी संध्याकाळी जहाज पुरं झालं. मिस्त्रींची बायको हुसेनबी जवळच तांदूळ पाखडत बसली होती. ती गडमुडशिंगी गावची, शेतातल्या कामात वाढलेली.

"आवं, ही निशाणं मागं का?"

"जहाज पुढं चाललंय म्हणून."

"आनी शिडं पुढं का फुगल्यात?"

"वारं मागनं येतंय."

हुसेनबीनं सूप थांबवलं. "शिडाला मागनं येतंय, आनी निशाणाला तेवढं पुढनं येतंय व्हय?"

"जीपगाडीवरचं निशाण बघितलं न्हाईस? मागंच उडतंय."

"जीप तेलावर पळतीया. हे कशावर पळतंय?"

मिस्त्री एका निशाणाची कड दाबत बसले.

"आमी खळ्यावर तिवईवर उभं राहून धान्याला वारं द्यायचो," ती म्हणाली. "भुसकट वारं जाईल तिकडं जायाचं. वाऱ्याच्या तोंडावर चालून गेलेलं भुसकट काय मी बघितलं न्हाय."

"भुसकट येगळं, जहाज येगळं. तू समुद्र बघितलाईस काय?"

"न्हाय. तुमी?"

मिस्त्रींनी ब्रश धुवायला घेतला. हुसेनबी पुन्हा पाखडू लागली. कोंडा जात होता आणि मिस्त्री, बघायचं नाही असं ठरवून, तो कुठं जातो ते बघत होते.

रविवारी सकाळी ते सायकल काढून रंकाळा तलावावर गेले. खिशात सागाची एक ढलपी होती. तिच्यात खराट्याची काडी रोवलेली, काडीला कागदाचं शीड, वर बोटभर दोऱ्याचं निशाण. चपला काढून, विजार गुडघ्यापर्यंत सरसावून पन्नाशीचे मिस्त्री पाण्यात उतरले आणि त्यांनी होडी सोडली.

"मिस्त्री, नातू झाला काय?"

पलीकडं केरबा म्हैस धूत होता.

"टेस्टिंग चाललंय," मिस्त्री म्हणाले.

वारा आला. शीड फुगलं, ढलपी संथ निघाली आणि दोरा सरळ पुढं झाला. मिस्त्रींनी होडी तीनदा परत आणून सोडली. तिन्ही वेळा दोऱ्यानं गडमुडशिंगीचीच बाजू घेतली. केरबाची म्हैससुद्धा वळून बघायला लागली.

घरी जाऊन त्यांनी पाचही निशाणं ब्लेडनं सोडवली आणि पुढं वळवली. हुसेनबी चुलीजवळून बघत होती. ती बोलली असती तर मिस्त्रींना जरा बरं वाटलं असतं.

सोमवारी जहाज ऑफिसात आलं. गणपतरावांनी चारी बाजूंनी बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मिस्त्री, निशाणं उलटी लावलायसा की. दुपारी साहेब येतोय."

दारात केरबा होता. बावीस वर्षांची वाट संपल्याचं समाधान त्याच्या तोंडावर उमटलं.

मिस्त्रींनी मालकांचा टेबलपंखा उचलून जहाजाच्या मागं ठेवला, मधल्या डोलकाठीला एक दोरा बांधला आणि बटण दाबलं. दोरा पुढं ताठ झाला, निशाणांच्या बरोबर रेषेत.

गणपतरावांनी दोऱ्याला बोट लावून बघितलं. "आयला. हे तुमास्नी कुणी सांगितलं?"

एवढंच विचारलं होतं. उत्तर एका नावाचं होतं. मिस्त्रींनी पंखा बंद केला, दोरा सोडला, त्याची घडी घातली.

"त्यात सांगायचं काय, मालक," ते म्हणाले. "साधी गोष्ट हाय."

दुपारी जर्मन साहेब आला. त्यानं निशाणांकडं बोट दाखवून काहीतरी म्हटलं. काम मिळालं, त्याच्याशी निशाणांचा संबंध किती हे कुणालाच माहीत नव्हतं. पण मालकांनी सगळ्यांना सांगितलं, साहेब म्हणाला, हा माणूस दर्यावर्दी दिसतो. महिनाभरात उद्यमनगरात असं झालं की गौस मिस्त्री तरुणपणी मुंबईला बोटीवर होते. मिस्त्रींनी होय म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

त्या सोमवारी रात्री घरी पंख्याची हकीकत ऐकून हुसेनबीनं विचारलं होतं, "मग, गडमुडशिंगीचं नाव काढलंसा का न्हाय?"

"गडबडीत ऱ्हायलं."

"व्हय. पंखा फिरत आसंल."

ते तसंच राहिलं, ते १९८३ साली मिस्त्री निवृत्त झाले तोपर्यंत. निरोपाला शेडमध्ये मांडव घातला. शाल, नारळ झाले आणि काचेतलं जहाज मिस्त्रींनाच भेट द्यायचं ठरलं. गणपतरावांनी भाषणात पुण्याचं पत्र वाचून दाखवलं, मग निशाणांची गोष्ट सांगितली. गोष्टीत पंख्याच्या जागी आता वादळ आलं होतं. बायकांच्या रांगेत हुसेनबी पदर सावरून ऐकत होती.

मिस्त्री बोलायला उठले. "मालक म्हणाले, माझी चूक झाली न्हाय. झालती. निशाणं मी उलटीच लावलती. आमच्या घरच्यांनी सांगितलं, मग सुलटी केली."

मग शेड हसण्यानं दणाणून गेली. म्हातारा केरबा तर डोळे पुसत होता. "मिस्त्री, जाता जाता बायकोची मर्जी राखलासा की." गणपतरावांनी माईक घेतला आणि एवढा मोठा कारागीर, पण मीपणा कसा नाही, यावर आणखी दहा मिनिटं बोलले. टाळ्या पडत राहिल्या.

परतताना रिक्षात जहाज दोघांच्या मांडीवर होतं. रिक्षाच्या पुढच्या काचेशेजारी लावलेलं निशाण मागं उडत होतं. मिस्त्री त्याच्याकडं बघत होते.

"सांगितलं बग," ते म्हणाले.

"सांगितलंसा. नऊ वर्सं लागली." हुसेनबीनं काचेवरची धूळ पदरानं पुसली. "आता लोकास्नी पटवून द्यायला आनी नऊ घ्या. घाई न्हाय."