हिरड्याचं काळं

कलमाची काडी कापण्याआधी म्हातारे कलमवाले बाबा चाकू आभाळाकडे धरायचे. पातं पूर्ण काळं, आणि कडेला धारेची केसाएवढी पांढरी रेघ. मान हलवून म्हणायचे, "हाय, हाय. जागेवर हाय."

कामथडीच्या बाजूनं आणलेलं आंब्याचं कलम तुमच्या अंगणात असेल, तर ते कदाचित त्यांनीच बांधलेलं असेल. तिथल्या हायवेलगतच्या नर्सरीत मी रोपांच्या चिठ्ठ्या लिहायचे. ते मार्गासनीहून यायचे, नसरापूरला गाडी बदलून. मी कुणाशी फारशी बोलत नसे. ते मला "मुकी म्याडम" म्हणायचे, पण दुसऱ्या कुणी म्हटलं की चिडायचे.

त्यांना कमी दिसायला लागलंय, हे मला आधीच कळलं होतं. केसर कुठली, हापूस कुठली, चिठ्ठ्या मलाच वाचायला लावायचे. "चष्मा घरी ऱ्हायला." चष्मा खिशातच असायचा. मालकांना कळलं तर काम जाईल, एवढीच त्यांना भीती. मी कुणाला सांगितलं नाही.

खंडेनवमीला अवजारं धुऊन पूजेला मांडायची होती. माझ्या इंग्रजी शाळेत त्या दिवशी नुसती सुट्टी असायची. अवजारांतलं मला काय कळणार? त्यांचा चाकू मला कळकट वाटला. आई तांब्याची भांडी घासते तसा मी तो चिंचेनं आणि काथ्यानं घासला. काळं निघून पातं लखलखलं. वाटलं, खूश होतील.

त्यांनी चाकू वर धरला. फिरवला. पुन्हा धरला.

"कुनी घासला ह्यो?"

"मी, बाबा."

त्यांनी चाकू खाली घेतला. मग म्हणाले, "आता समदंच चमाकतंय. धार कुठली नि पातं कुठलं?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगठ्याला चिंधी होती. पिशवीतून त्यांनी ठेचलेले हिरडे काढले, वेल्ह्याकडच्या रानातले. ते आम्ही शेडमागं एका डब्यात उकळले. चाकू राखेनं धुऊन त्या पाण्यात दोन दिवसांसाठी बुडवून ठेवला.

"आमच्या बापाची रीत हाय. लोखंड हिरडा पितं नि काळं व्हतं," ते म्हणाले. "तवर मालक आलं तर सांगा, म्हातारं बिडी वढाया गेलंय."

"दोन दिवस?"

"लई मोठी बिडी हाय म्हनावं."

तिसऱ्या दिवशी पातं काळंभोर होऊन निघालं. त्यांनी खोबरेल चोळलं, दगडावर धार काढली आणि चाकू आभाळाकडे धरला. मला रेघ स्वच्छ दिसत होती.

"म्याडम, काळं झालंय न्हवं?"

"झालंय."

"आन् रेघ?"

"आहे, बाबा."

हात वरच राहिला. मग त्यांनी चाकू हळूच मिटला.

"मंग तुमचा दोस न्हाई, म्याडम," ते म्हणाले. "चिंचंचाबी न्हाई."

मालकांना त्यांनी गुडघे दुखतात असं सांगितलं आणि काम सोडलं. डोळ्यांचं नाव शेवटपर्यंत काढलं नाही.

थंडीत मी एकदा मार्गासनीला गेले. ते ओट्यावर उन्हात पावट्याच्या शेंगा सोलत बसले होते. माझ्या चपलांचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली.

"कोन हाय?"

सांगायचं बरंच ठरवलं होतं, पण नावही न सांगता मी पुढे झाले. मी हातभर अंतरावर उभी होते. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत राहिले.

"कोन आलंय वो?" आतून सुनेनं विचारलं.

"कुनी न्हाई," ते म्हणाले, आणि सुपातली पुढची शेंग चाचपू लागले.