निकम बाईंची चुकांची वही

निकम बाईंच्या लेकीचा, मेधाचा फोन आला तेव्हा मी सातपूरला ऑफिसात होतो. "सर, आई गेली," ती म्हणाली, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" पलीकडे ती रडायला लागली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाच वर्षं ज्या बाईंशी मी एक शब्द बोललो नाही, त्या माझा राग उतरेपर्यंत आहेत तिथेच राहतील, असं मी गृहीत धरून बसलो होतो. निकम बाई पंचवटीतल्या आमच्या शाळेत गणित शिकवत. माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या. त्यांना जाऊन आता दीड महिना झाला, आणि अजून त्या भागात गेलं की माझी स्कूटर आपोआप हळू होते.

दोन हजार एक साली शाळेला दहा कॉम्प्युटर मिळाले आणि ते शिकवायला मी मिळालो. चोविशीचा होतो, राग नाकाच्या शेंड्यावर आणि शहाणपण त्याच्याही वर! बाकीचे शिक्षक त्या खोलीत चपला काढून यायचे आणि हात मागे बांधून उभे राहायचे. निकम बाई पहिल्याच आठवड्यात खुर्ची ओढून बसल्या. "अरे विवेक, गणिताच्या स्वाध्यायाची पानं करशील का यावर? छापील पान मुकं असतं. पोरगं जे लिहील त्याला काहीतरी बोलणारं पान हवं मला." मी दोन दिवसांत वीस गणितं करून दाखवली. वर पळतं घड्याळ, खाली चार पर्याय, बरोबर आलं की टाळ्या, चुकलं की लालभडक फुली आणि 'ट्यांऽऽ' असा आवाज. मला वाटलं, बाई चाट पडतील. त्यांनी एका पर्यायावर बोट ठेवलं. "हे सत्तेचाळीस कुठून आणलंस?" मी म्हटलं, "असंच. काहीतरी चुकीचं द्यायचं ना?" तर म्हणाल्या, "असंच कुणी चुकत नसतं रे बाबा."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली वही आणली. मूळच्या चांदवडच्या या बाई नोकरीला लागल्या त्या पेठला, डोंगरातल्या शाळेत, तेव्हापासूनची ती जाडजूड निळी वही. प्रत्येक पानावर तीन रकाने. पहिल्यात मुलाचं नाव, दुसऱ्यात त्याचं चुकलेलं उत्तर आणि तिसऱ्याच्या डोक्यावर लिहिलेलं: 'असं का वाटलं असेल?' तो रकाना भरेपर्यंत बाईंना चैन पडत नसे. त्यांच्या वर्गात खोडरबरला बंदी होती. चुकलेलं खोडायचं नाही, त्यावर एक सरळ रेघ मारायची, म्हणजे काय चुकलं ते दिसत राहतं. या वहीतही तसंच. मुलाला आपली चूक उमगली की त्याने बाईंजवळ येऊन बसायचं आणि वहीतल्या आपल्या उत्तरावर आपल्या हाताने रेघ मारायची. बाई स्वतः कधी मारत नसत.

मग दोन वर्षं, शाळा सुटल्यावर रोज तास-दीड तास, आम्ही ती पानं केली. आधी बाईंनी घड्याळ काढायला लावलं. मग आवाज. मग फुली. मी चिडायचो, "बाई, मग राहिलं काय?" त्या हसायच्या आणि डब्यातली मेथीची भाकरी माझ्यापुढे सरकवायच्या. राहिलं ते असं. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, या गणिताला वहीतल्या निम्म्या मुलांनी दोन पंचमांश लिहिलं होतं, वर वर मिळवलं, खाली खाली मिळवलं. आता मुलाने दोन पंचमांश लिहिलं की पान 'चूक' म्हणायचं नाही. एक नागलीची भाकरी यायची, अर्धी. शेजारी तेवढ्याच अख्ख्या भाकरीचे दोन पंचमांश काढलेले. आणि खाली प्रश्न: 'अर्धी भाकरी होती, त्यात आणखी घातली. मग ही वाढली का?' पेठहून आलेली, वसतिगृहात राहणारी सविता नावाची सातवीतली मुलगी पहिल्यांदा हे पाहून ओरडलीच, "ओ बाई, ही तं कमी झाली!" बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू... जणू ती भाकरी मीच थापली होती. आणखी एक गोष्ट त्यांनी हट्टाने करून घेतली. नवीन उत्तर लिहिलं की माझ्या पानावरचं जुनं पुसलं जायचं. "त्याची चूक कुठे गेली?" म्हणून त्या अडून बसल्या. मग जुनं उत्तर रेघेखाली दिसत राहील असं मी जमवलं. त्या खटाटोपात वीज गेली, यूपीएस टीं टीं करायला लागला, अर्धं काम गेलं आणि "सरळ बरोबर उत्तरच दाखवून टाकू ना!" म्हणत मी टेबलावर हात आपटला. बाई म्हणाल्या, "थांबायचं असतं, विवेक. आपण उत्तर सांगून टाकायचं नाही. पोरगं परत येतं."

मग तो दिवस. संस्थेची मोठी माणसं आणि बाहेरगावचे पाहुणे कॉम्प्युटरची खोली बघायला येणार होते. चांगलं वाटलं तर ही पानं संस्थेच्या सगळ्या शाळांना जातील, असं कानावर आलं होतं. मला वाटलं, ही मुकाट भाकरी पाहून पाहुणे जांभया देतील आणि बाईंची इतक्या वर्षांची मेहनत वाया जाईल. बाईंना न सांगता मी आदल्या दिवशी घड्याळ, फुली आणि आवाज परत घातले. भाकरी काढून टाकली. प्रात्यक्षिकाला बसवली होती सविता. पाहुणे मागे उभे होते, म्हणून घाबरली असेल, तिने दोन पंचमांश लिहिलं. 'ट्यांऽऽ'. सगळे हसले. ती भाकरी यायची वाट बघत राहिली. भाकरी आली नाही, घड्याळ पळत होतं, तिने परत तेच लिहिलं, परत आवाज, परत हशा. ती उठली आणि चपला न घालता निघून गेली. पाहुण्यांनी माझी पाठ थोपटली. कसली थोपटली, रट्टा घालायला हवा होता!

ते गेल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "विवेक, त्या पोरीची भाकरी काढून घेतलीस तू." मी माफी मागायची की नाही? मी तडकलो. "तुमच्या वहीला कोण विचारतं, बाई? जगाला टाळ्या लागतात. तुम्हाला जगातलं काही कळत नाही." बाईंनी वही उचलली आणि गेल्या. बोलणं तिथेच तुटलं. वर्ष संपताच मी कंपनीत नोकरी धरली. मला वाटत होतं, त्यांनी बोलवावं. मी कोण मोठा लागून गेलो होतो? एकदा पंचवटीच्या भाजीबाजारात त्या दिसल्या. त्यांनीही मला पाहिलं, पिशवीचा हात थोडा वर केला... आणि मी स्कूटर शेजारच्या बोळात घातली. बाई, मी तुम्हाला पाहिलं होतं.

दहाव्याला रामकुंडावर गेलो, मागेच उभा राहिलो. मेधा आपण होऊन जवळ आली आणि घरी घेऊन गेली. खिडकीजवळच्या टेबलावर ती निळी वही होती. "आईने सांगून ठेवलं होतं, विवेक आला तर दे. पाठवू नकोस, आला तर दे." मी पानं उलटत गेलो. सविताचं नाव सापडलं. दोन पंचमांश, त्यावर रेघ, थोडी तिरकी, पोरीच्या हाताची. "ती डी.एड. करतेय आता," मेधा म्हणाली, "आईला भेटायला यायची." त्याच्याच खाली, कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशीच्या तारखेला, बाईंच्या सुबक अक्षरात माझं नाव होतं. दुसऱ्या रकान्यात, 'आवाज परत घातला.' आणि 'असं का वाटलं असेल?' खाली लिहिलं होतं, 'चारचौघांत माझं कौतुक व्हावं म्हणून.'

बाईंचं कौतुक व्हावं म्हणून मी ते केलं, हे दुसऱ्याच दिवशी कळलं होतं त्यांना. मला स्वतःला धड सांगता आलं नसतं ते. पाच वर्षं त्या फक्त थांबल्या होत्या.

वही आता माझ्या टेबलावर आहे. माझ्या नावापुढच्या उत्तरावर रेघ नाही. परवा पेन हातात घेऊन बसलो, टोपण काढलं, पट्टीसुद्धा लावली... आणि ठेवून दिलं. रेघ ज्याची त्यानेच मारायची असते, पण बाईंजवळ बसून.