बटण बंद केल्यावर

नव्या कॉइलला पहिल्यांदा वीज दिली की जळक्या धुळीसारखा वास येतो. आज माझ्या हीटरच्या दुकानात तो आला आणि कडेगावातलं सरांचं पत्र्याचं शेड आठवलं.

सर निवृत्त प्राध्यापक. अणू एकमेकांत मिसळून उष्णता काढायची भट्टी करत होते. त्याला ते शीत संलयन म्हणायचे. सिरॅमिकच्या नळीत निकेलची पूड आणि हायड्रोजन कोंडायचा, बाहेरून मी गुंडाळलेली हीटरची तार. "तुमच्या तारेनं फक्त सुरुवात करून द्यायची," ते म्हणाले होते. "पुढं पूड आपली आपण तापत राहील." मला ती थाप वाटली.

त्या दुपारी नळी लाल झाली, मग मधोमध पांढरी. सर म्हणाले, "बंद करा." मी बटण बंद केलं. तार काळी पडत गेली, पण नळीच्या आतला उजेड वाढतच होता.

"आवं सर, बाहेर चला."

"थांबा हो, तापमानाचा आकडा बघू द्या."

मी त्यांना दंडाला धरून शेडबाहेर उसाकडं ओढत नेलं, तेवढ्यात मागं नळी फुटली.

नंतर सर सगळ्यांना सांगत सुटले की तारेचे मधले वेढे दाट पडले होते म्हणून नळी जास्त तापून फुटली, चूक गुंडाळणाऱ्याची. मी वेढा न् वेढा पट्टीनं मोजला होता. चारचौघांत त्यांच्याशी भांडलो. तो राग अजून गेलेला नाही.

पण आजही कॉइल बंद केली की ती पुरती काळी पडेपर्यंत मी जागचा हलत नाही. माझे वेढे बरोबर होते, तर तो उजेड तारेचा नव्हता, पुडीचा होता. अलीकडं वाटतं, चूक माझीच निघाली असती तर बरं झालं असतं; बटण बंद केलं की सगळं विझतं, यावरचा विश्वास तरी राहिला असता.