बूट घातलेला मासा, मुक्काम गोंडपिपरी

गोंडपिपरीच्या एका शाळेत मी चित्रकलेची बाई होते, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं. बल्लारपूरच्या रद्दीवाल्याकडे मला परदेशी चित्रांचं एक पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ फाटलेलं, पण आतली पानं शाबूत. चित्रकार अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नात दिसावं तसं जागेपणी काढणारा. खुर्चीला फुटलेली पालवी, ढगात अडकलेलं घर, आणि एका अख्ख्या पानावर छत्री घेऊन उभा चालणारा मासा. त्याच्या शेपटीच्या दोन टोकांपैकी एकातच बूट होता. शेवटी यादी होती, कुठलं चित्र कुठल्या संग्रहालयात पाहायला मिळेल त्याची. सात शहरं, सातही परदेशातली.

बस स्टँडजवळच्या पेंटरभाऊंना मी ते दाखवलं. गावातल्या दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, सगळं तेच रंगवत. पन्नाशीचे होते, दाढीला कायम कुठलातरी रंग लागलेला. मासा त्यांनी चष्मा पुसून पाहिला.

"बाई, हा पाहाले कुठी जा लागते?"

मी यादी वाचून दाखवली.

"आपल्या देशात नाई?"

"नाही."

"काऊन नाई?"

त्यांनी पुस्तक आठ दिवस ठेवून घेतलं, आणि नवव्या दिवशी पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर मासा उभा राहिला. चांगला माणसाएवढा, आणि शेपटीच्या दोन्ही टोकांत बूट. गिरणीवाल्याने जाहिरातीला परवानगी दिली होती. कशाची जाहिरात, हे विचारायचं त्याला सुचलं नव्हतं.

"भाऊ, एक बूट जास्त झाला."

"जास्त नाई, बाई. त्याचा काढाचा राहून गेला होता. म्या पुरा केला."

मग माझ्याही अंगात आलं. मी ती यादी मराठीत सुवाच्य लिहिली, सात परदेशी शहरांखाली आठवं ठिकाण घातलं, 'गोंडपिपरी, पिठाची गिरणी, बाहेरची भिंत. वेळ: सकाळी आठ ते वीज असेपर्यंत', आणि मुख्याध्यापकांपुढे ठेवली. त्यांनी न वाचता सही केली. यादी शाळेच्या फलकावर लागली.

पंधरा दिवसांनी चंद्रपूरहून तपासणीला साहेब आले. वर्ग बघायचे सोडून ते फलकापाशीच थांबले आणि यादी वाचू लागले. त्यांच्या खांद्यावरून मुख्याध्यापकांनीही ती पहिल्यांदाच वाचली. मग त्यांनी डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

"हे आठवं लांब आहे का?" साहेबांनी विचारलं.

"पाच मिनिटं, सर," मी म्हणाले.

आम्ही तिघं गिरणीवर गेलो. जंगलाकडच्या गावातली एक म्हातारी बाई दळणाची टोपली घेऊन भिंतीशी बसली होती. साहेबांना पाहून तीच म्हणाली, "मासा पाहाले आले का? इकून पाहा, तिथी ऊन डोळ्यावर येते."

साहेब निमूटपणे सरकले. "पण माशाला बूट कशाला, आजी?"

"मंग? नदीतून वर आला तो. इथी चिखल किती हाय!"

साहेब हसले. मुख्याध्यापक जरा उशिरा हसले, पण जास्त वेळ. त्या दिवशीच्या शेऱ्यात साहेबांनी लिहिलं की शाळेत कलेची जाण वाढवण्याचे प्रयत्न स्तुत्य आहेत. तो शेरा मुख्याध्यापकांनी मात्र दोनदा वाचला.

साहेबांनी चंद्रपुरात काय सांगितलं कोण जाणे, पुढच्या रविवारी तिथले दोन चित्रकला शिक्षक एसटीने आले आणि स्टँडवर संग्रहालय विचारू लागले. कोणीतरी त्यांना तहसील कचेरीकडे पाठवलं. तिथे कुलूप बघून ते परत निघाले होते, तेवढ्यात पेंटरभाऊंनी गाठलं. दुकान बंद करून भाऊंनी त्यांना मासा दाखवला, चहा पाजला आणि एका वहीत अभिप्राय लिहून घेतला. 'बुटांचा रंग उत्तम.' हे त्यांनी मला तीनदा वाचायला लावलं.

सोमवारी शाळेत जाताना पाहते, तर माशाखाली बोटभर अक्षरांत लिहिलेलं भाऊंचं नाव आता वीतभर झालं होतं, खाली लाल रेघ ओढून.

"भाऊ, आणि मूळ चित्रकाराचं नाव?"

"त्यानं इथी येऊन टाकावं," भाऊ ब्रश झटकत म्हणाले. "रंग म्या देतो."