आधी माझी पिशवी

नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारला माहेरी होते. शेजारच्या किराणा दुकानात फोन होता. दुकानदाराने हाक मारली तशी पिठाच्या हातानेच धावले. पलीकडून आमच्या ह्यांचा आवाज... "नाना गेले. दुपारी कारखान्यातच छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं." त्यावर माझ्या तोंडून काय निघावं? "कारखान्याला कुलूप कोणी लावलं?" दुकानदाराने चमकून माझ्याकडे पाहिलं. पलीकडे हे रडत रडतच म्हणाले, "मी लावलं गं. ओढून पाहिलं." थोरल्या दिराच्या मरणाची बातमी ऐकून आधी कुलपाची चौकशी करणारी भावजय म्हणून मला कोणी नावं ठेवली तर खुशाल ठेवोत. माझ्या जागी नाना असते तर त्यांनीही हेच विचारलं असतं.

नाना म्हणजे माझे थोरले दीर. अमळनेरकडचे. मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले, जवळच कडोदऱ्याला लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, राबले, आणि पुढे डिंडोलीत पत्र्याची एक शेड भाड्याने घेऊन साडीकाम सुरू केलं. मार्केटमधल्या व्यापाऱ्यांकडून साध्या साड्यांचे गठ्ठे यायचे, आमच्याकडच्या बाया त्यांना लेस लावायच्या, टिकल्या चिकटवायच्या, घड्या घालून पुन्हा बांधून द्यायच्या. शेडला आम्ही कारखाना म्हणायचो. पंखे जास्त आणि वारा कमी अशी ती जागा, पण नाव मोठं. नव्वदीच्या सुरुवातीला मी लग्न होऊन तिथे आले आणि हळद उतरायच्या आत टिकल्या चिकटवायला बसले. नाना माझ्याशी थेट बोलायचे नाहीत. आमच्याकडे जेठ आणि भावजय यांच्यात तेवढं अंतर पाळतात. मी समोर उभी असले तरी ते जाऊबाईंकडे बघून म्हणायचे, "तिले सांग." मग जाऊबाई, म्हणजे आमच्या वहिनी, माझ्याकडे वळून तेच वाक्य पुन्हा म्हणायच्या. मला मनातून हसू यायचं.

पहिल्याच दिवशी संध्याकाळी सुटी झाली आणि मी पिशवी उचलून निघाले, तर दारात सगळ्या बाया रांगेत उभ्या. दाराशी एक बाकडं होतं. नाना पुढे आले, "पहिले मनी", म्हणजे आधी माझी, म्हणत त्यांनी आपली पिशवी बाकड्यावर पालथी केली. जेवणाचा डबा उघडला, सुपारीची चंची उलटी केली, डोक्यावरची टोपीसुद्धा काढून झटकली. मग माझे यजमान. मग वहिनी. आणि मग मी! नवी नवरी मी, माहेरचा डबा, त्यात दुपारची उरलेली अर्धी पोळी, आणि ती सगळ्यांसमोर उघडून दाखवायची. बायकांच्या पिशव्या बायकाच बघायच्या, आणि तेवढा वेळ नाना भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, हे खरं. पण बघणार कोण, तर कामावरची बाई! दर आठवड्याला एकीची पाळी असे, आणि त्या आठवड्यात तिने मालकाचीसुद्धा पिशवी बघायची, असा नानांचा कायदा होता. मी फणकारले. आम्ही घरची माणसं, आमचीच आम्ही चोरी करणार का? नानांनी भिंतीकडे बघतच उत्तर दिलं, "तिले सांग, आठे घरनं-बाहेरनं काही नही. आठे माल दुसरासना शे." वहिनींनी मला तेच सांगितलं, की इथे घरचं-बाहेरचं काही नाही, इथला माल दुसऱ्यांचा आहे. मी अर्थात ऐकलंच होतं.

त्यांचं हे वेड तेवढ्यावर संपत नव्हतं. सकाळी आल्यावर आधी गठ्ठे मोजायचे, तेही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे. खिडकीची जाळी रोज हाताने दाबून बघायची. जेवायच्या सुटीतसुद्धा दार लोटून चालायचं नाही, कडी लावायची. आजूबाजूचे कारखानदार त्यांना हसायचे. स्वतःकडे चोरी झाली की मग हेच कारखानदार आठ दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा करायचे आणि पुन्हा सगळं जैसे थे. नाना म्हणायचे, दात काय दुखल्यावरच घासायचे? माझे यजमान चिडवायचे, "नानांचा विश्वास पानिपतात गेला." मी एकदा वहिनींमार्फत निरोप धाडला, की कर नाही त्याला डर कशाला, रोजची ही परेड कशासाठी? त्यावर ते पहिल्यांदाच जरा तडकून बोलले. "त्यालेच डर राहस. चोरले कसानी?" ज्याने काही केलेलं नाही त्यालाच भीती असते, चोराला कसली... मला तेव्हा ते नुसतं बोलायचं म्हणून बोलणं वाटलं.

आमच्याकडे लता नावाची एक बाई होती, अमरावतीकडची. हात सफाईदार, तोंड फटकळ. तिचं आणि माझं पहिल्यापासून विळ्या-भोपळ्याचं सख्य. टिकल्यांच्या डिंकाने बरबटलेल्या हातांनी तिने एकदा माझा डबा उघडला, आणि मी तिला सगळ्यांदेखत असं काही सुनावलं की नंतर कित्येक महिने आम्ही एकमेकींशी बोलत नव्हतो. तिची पाळी आली की ती मुद्दाम माझ्या पिशवीचा कोपरा न् कोपरा चाचपायची, रुमालाची घडी मोडायची. मी दात-ओठ खात उभी राहायची.

आणि मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आलं. नंदुरबारला. त्या लग्नात मी राणी रंगाची, टिकल्यांची एक साडी नेसले. मार्केटमध्ये एका दुकानात विणीत दोष निघालेल्या साड्या स्वस्तात मिळत, तिथून हौसेने घेतलेली. पदराचा दोष चुण्यांमध्ये लपवला होता, त्यामुळे ती चांगली भारीपैकी दिसत होती. वऱ्हाडात सुरतेच्या मार्केटमधले एक गृहस्थ होते, त्यांनी ती पाहिली. मी परत आले त्याच आठवड्यात, आम्हाला माल पाठवणाऱ्या शेठचे मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, कारखान्यात आले. लग्नाआधी शेठकडे गेलेल्या मालात राणी रंगाची एक साडी कमी भरली होती. "नानाभाई, एक साडी ओछी छे," एवढं म्हणून ते थांबले असते तर गोष्ट वेगळी. पण ते माझ्याकडे बघत पुढे म्हणाले की तशीच साडी नंदुरबारच्या लग्नात कोणाच्या तरी अंगावर होती म्हणे.

सुया थांबल्या. मी साडी घेतल्याची पावती? दोषाच्या मालाला कोण पावती देतं! आणि नंदुरबार-सुरत गाडीने बातमी किती वेगाने जाते हे आम्हा खानदेशी लोकांना कोणी सांगायला नको. उद्यापर्यंत माझ्या बहिणीच्या सासरी कळणार होतं की सुनेची थोरली बहीण चोरटी आहे. तिच्या हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती. मला रडूसुद्धा येईना. मला वाटलं, आता नाना म्हणतील की आमच्या घरची सून असं करणार नाही. आणि ते तसं म्हणाले असते तर मेहताजी नुसते हसले असते. घरच्याने घरच्याची बाजू घेतली तर कोण खरं मानतं?

नाना तसं काही म्हणाले नाहीत. त्यांनी मेहताजींना खुर्ची दिली आणि सुटी होईपर्यंत बसा म्हणाले. मेहताजी खवचटपणे म्हणाले, "सब ठीक है नानाभाई, मगर घर के लोगों की थैली कौन देखता है?" नाना पुन्हा गठ्ठ्यांकडे वळले. काम पुन्हा सुरू झालं, कोणाचं कामात लक्ष नव्हतं. सुटी झाली. बाया रोजच्यासारख्या रांगेत आल्या. नानांनी "पहिले मनी" म्हणत पिशवी पालथी केली, टोपी झटकली, मेहताजी बघतच राहिले. मग दीर-भावजयीचं सगळं अंतर बाजूला ठेवून नानांनी सरळ माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बेटा, तुनी थैली आन." माझ्याशी थेट बोललेलं त्यांचं ते पहिलं वाक्य... मी पिशवी बाकड्यावर ठेवली. तेव्हा रांगेतून लता पुढे आली. शेठचा तो माल कारखान्यात होता त्या आठवड्यात पाळी तिची होती, हे मला तोवर आठवलंही नव्हतं.

ती मेहताजींना म्हणाली, "इची थैली तवा रोज म्याच पाह्यली. माहं अन् इचं जमत नाही, साऱ्याइले मालूम हाय. साडी असती तं म्या सोडली असती का इले? नोती साडी. बस."

बायांमध्ये हशा पिकला. खरंच, लताने मला सोडलं असतं यावर कारखान्यातलं काळं कुत्रंही विश्वास ठेवणार नव्हतं. मेहताजींनाही ते पटलं असावं. उठताना ते माझ्याकडे वळून "माफ करजो, बेन" म्हणाले, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. नंदुरबारला त्या गाडीने बातमी गेली, ती या माफीची गेली.

त्या दिवशी घरी चहा घेताना मी वहिनींच्या आडून नानांना विचारलं, की हे सगळं तुम्हाला आधीच कसं सुचलं? त्यांनी बशी खाली ठेवली. मग कडोदऱ्याची गोष्ट निघाली. तिथे एकदा सूत चोरीला गेलं होतं. फाटकावर बाकी सगळ्यांना जाऊ दिलं आणि नानांना एकट्याला थांबवून अंगावरचे कपडे चाचपले. "काही निंघनं नही," नाना म्हणाले, "पन थांबाडं ते सगळासनी देखं. निंघनं नही ते कोनीच देखं नही." थांबवलं ते सगळ्यांनी पाहिलं, काही निघालं नाही हे पाहायला कोणी उरलंच नव्हतं, सगळे तोवर घरी गेले होते ना... पुढे जिथे जिथे काम मागायला गेले तिथे ती गोष्ट त्यांच्या आधी पोचलेली असायची. रोज सगळ्यांच्या पिशव्या बघितल्या, तर एखाद्या दिवशी एकट्याच कोणाला बाजूला घ्यायची वेळ येत नाही, एवढंच त्यांचं शास्त्र होतं. इतकी वर्षं मी त्याला अविश्वास समजत होते.

ती साडी कधीच सापडली नाही. शेठने तिची किंमत मजुरीतून कापली आणि माल पाठवणं चालू ठेवलं. गाडीत पडली, मार्केटात गेली, देव जाणे. मला वाटतं, सापडली असती तर ही गोष्ट एवढी मोठी झालीच नसती. न सापडलेल्या चोरीचं बोट कोणाकडे तरी कायम रोखलेलं असतं, आणि ते माझ्याकडे नाही. बहिणीच्या सासरी मी ताठ मानेने जाते. तिच्या सासूबाई मला आग्रहाने चार दिवस ठेवून घेतात. हे मला नानांनी दिलं. माझ्या सख्ख्या भावाने याहून मोठं काही दिलं असतं असं मला वाटत नाही. हे त्यांना तोंडावर सांगायचं राहून गेलं. सांगितलं असतं तरी त्यांनी भिंतीकडेच बघितलं असतं म्हणा.

तेराव्यानंतर कारखाना उघडला. दिवसभर काम झालं. सुटीच्या वेळी बाया रांगेत आल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, कारण पुढे कोणी येईना. तेवढ्यात लताचं लक्ष खुंटीकडे गेलं. नानांना दवाखान्यात उचलून नेलं तेव्हापासून त्यांची पिशवी तिथेच लटकत होती. वहिनी ती घरी न्यायला उठल्या, आणि दाराशी आल्यावर, कोणी काही म्हणायच्या आत, त्यांनी ती बाकड्यावर ठेवली. पाळी लताचीच होती. तिने पदराला हात पुसले आणि एकेक वस्तू काढली. डबा. चंची. गोळ्यांचं पाकीट. आणि चष्मा. चष्म्याची एक काडी मोडलेली होती आणि ती सोनेरी लेसच्या तुकड्याने बांधली होती. नाना गेले त्या दिवशी सकाळीच मोडली असणार. लताचा हात तिथेच थांबला. कारखान्यातली लेस, चिंधीएवढी का असेना, दाराबाहेर न्यायची नाही हा नियम त्यांचाच... संध्याकाळी त्यांनी स्वतःच ती सोडून ठेवली असती. लताने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे. वहिनींनी चष्मा हातात घेतला, गाठ घट्ट होती, दाताने सोडवली. लेस सरळ करून लताच्या हातात दिली. मग मोडका चष्मा पिशवीत ठेवून त्या घरी गेल्या.