राब हाय, वनवा नाय

उन्हाळ्यात मुरबाडच्या आमच्या वनखात्याच्या ऑफिसात रोज उपग्रहाचा फोटो यायचा. त्यात धूर दिसला की आमचे एकच गार्ड होते, त्यांना मी पाठवायचे. ते कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून येत, पडद्याकडे लांबूनच बघत आणि सायकलवर टांग मारत. परत आल्यावर उत्तर ठरलेलं, "राब हाय, ताई. वनवा नाय."

भाताचं रोप टाकायच्या जमिनीवर पालापाचोळा रचून भाजतात, तो राब. सकाळी वारा पडलेला असताना भाजायचा. पण धूर दिसला की पाड्यांवर उगाच चौकशी लागे. म्हणून त्या वर्षी गार्डनीच सगळ्यांना सांगितलं, "फोटो सकाळी निघतो. दुपारी भाजा."

एका सकाळी धसई गावाकडे धूर दिसला. गार्ड जाऊन आले, पण चपला काढून दारातच थांबले. सवयीने मी अहवालात आधीच 'राब' टाइप केलं होतं.

"पुसा ते, ताई. काल दुपारी वारा सुटला, राबाची आग डोंगरावर चढली. माजं आयकून पेटवलं त्यांनी. वनवा लिवा, आन् लावनारा म्हनून माजं नाव घाला."

मी 'राब' पुसून 'वणवा' लिहिलं, पण नावापाशी अडले. इतकी वर्षं आम्ही सगळे त्यांना नुसतं गार्डच म्हणत आलो होतो. मान खाली घालून मला त्यांना त्यांचं नाव विचारावं लागलं.